एकच लेन्स घेऊन पाचगणीला

पहाटेची नमाज पढून मिरजेहून निघालो. कराड, सातारा मागे टाकले, पाचवडला वळून वाईत चहा घेतला. पसरणी घाट सुरू झाला तसे अब्बा पुढच्या सीटवर सरसावून बसले. पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या भटारखान्यात त्यांनी बावीस वर्षे काढली. आता वय अठ्ठ्याहत्तर. "एकदा तो भटारखाना बघून येतो," असे ते दोन वर्षांपासून म्हणत होते, आणि आमची टाळाटाळ चालली होती. गेल्या पावसाळ्यात ते आजारी पडले, तेव्हा आमच्या लक्षात आले की घरात अब्बांचा धड असा एकही फोटो नाही. मोबाईलमध्ये शेकडो आहेत. बहुतेक लग्नाच्या पंगतीतले, अर्धे डोके कापलेले.

म्हणून कॅमेरा घेतला. जुना, पण चांगला: सोनीचा मिररलेस, एपीएस-सी सेन्सरचा. लेन्स मात्र घ्यायची होती आणि पैसे एकाच लेन्सपुरते होते. पाचगणीसाठी दोन लेन्स भाड्याने आणल्या आणि ठरवले, तिथे काय होते ते पाहून मगच विकत घ्यायची.

पहिली होती सोनीची १८-१३५ मिलिमीटर. ज्याला 'सगळ्यासाठी एक' म्हणतात ती हीच. दुसरी टॅमरॉनची १७-७०, पल्ला कमी पण झरोका सर्वत्र एफ/२.८. पहिली सव्वातीनशे ग्रॅमची, दुसरी सव्वापाचशेची. दोन्हींत हाताचा कंप सावरण्याची सोय आहे. आमच्या कॅमेऱ्याच्या अंगात ती नाही, त्यामुळे ती लेन्समध्ये असणे आम्हाला गरजेचे होते. सिग्माची १८-५० बरीच हलकी आणि एफ/२.८ सुद्धा आहे, पण ती सोय नसल्याने तिचा नाद सोडला.

टेबललँडवर पोचलो तेव्हा ऊन चढले होते. सुमारे तेराशे मीटर उंचीवरचे ते सपाट लाल पठार, जांभ्या दगडाचे. घोडे धावले की मागे तांबडी धूळ उठते. लेक म्हणाली, "आता दुसरी लेन्स लावून बघूया." आम्ही तिला थांबवले. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, लेन्स काढली की बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर समोर उघडाच असतो. त्या धुळीचा एक कण आत बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशावर डाग. प्रवासात एकच लेन्स असावी, याचे खरे कारण आम्हाला तिथे कळले. पिशवीतले वजन ही त्यापुढे किरकोळ बाब.

पठारावर आणि नंतर सिडनी पॉइंटवर १८-१३५ ने आमचे मन जिंकले. खाली कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी, पलीकडे कमळगड. १८ वर सगळे खोरे मावले. एपीएस-सीवर दीडपट धरायचे, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबात साधारण २७. आणि १३५ वर, म्हणजे जवळजवळ २०० वर, कमळगडाचा माथा हातात आल्यासारखा. उन्हात एफ/८ वर काम करताना मोठ्या झरोक्याची गरजच पडत नाही. लेकीने तिथेच निकाल देऊन टाकला: हीच घ्यायची.

दुपारी शाळेच्या फाटकाशी गेलो. सुट्टी होती. चौकीदाराने अदबीने सांगितले, "परवानगीशिवाय आत सोडता येत नाही, चाचा." त्याचेही बरोबर होते. मुलांची शाळा आहे, आम्ही स्वतः शिक्षक, आम्हीही हेच केले असते. चूक आमची, फोन करून यायला हवे होते. अब्बा काही बोलले नाहीत. सिल्व्हर ओकच्या झाडांमधून दगडी इमारतीचा जो कोपरा दिसत होता, तो बराच वेळ पाहत उभे राहिले. आम्ही १३५ वर त्या कोपऱ्याचा एक फोटो काढला. बघून म्हणाले, "हा तर कोठीचा दरवाजा आहे. भटारखाना मागे आहे."

मग ते बाजाराच्या बाजूला, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका चाचांकडे घेऊन गेले. बसके घर, एकच खिडकी, दुपारीही आत अंधार. दोघे म्हातारे खाटेवर शेजारी बसले. कितीशे मुलांची खिचडी, कुठला हंडा, कोणाचा हात भाजला होता, हे सुरू झाले. चाचांचा हात सारखा थरथरतो. घरच्यांना विचारून आम्ही फोटो काढायला लागलो.

१८-१३५ वर चेहरे जवळ घेतले की झरोका एफ/५.६ च्या आसपास. वेग सेकंदाचा पंधरावा भाग. लेन्सने आमचा हात सावरला. मागची भिंत, कॅलेंडर सगळे स्वच्छ. पण दोन्ही चेहरे पुसट आणि चाचांचा हात म्हणजे नुसते धुके. लेन्सची ती सोय कॅमेरा धरणाऱ्याचा कंप थांबवते, समोरच्या माणसाचा नाही. खाटेवरच रुमाल पसरून लेन्स बदलली. एफ/५.६ वरून एफ/२.८ म्हणजे झरोक्याचा व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, प्रकाश चौपट. नववीच्या मुलांना वर्तुळ शिकवताना हे उदाहरण आता देतो. पंधराव्या भागाचा वेग साठाव्या भागावर आला. चेहरे उमटले. एक अडचण झाली. एफ/२.८ वर अब्बा स्पष्ट आले आणि जरा मागे टेकलेले चाचा पुसट. दोघांना एका रेषेत सरकवले, झरोका एफ/४ केला, मग जमले.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी 'किताबुल मनाजिर'मध्ये मांडले की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो. हे आम्ही वर्गात सांगतो. त्या खोलीत येणारा प्रकाश किती कमी असू शकतो, ते कळले.

परतताना भिलारच्या वाटेवर स्ट्रॉबेरी घेतली. घाट उतरताना लेक आणि आमच्यात वाद झाला. तिचे म्हणणे, कमळगड गेला. खरेच गेला, ७० वर तो नखाएवढा येतो. अब्बा मागे वळून म्हणाले, "माझ्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरने हेच विचारलं होतं. लांबचं साफ पाहिजे की जवळचं? मी लांबचं म्हटलं. आता पेपरला चष्मा लागतो."

"मग पस्तावलात का?" लेकीने विचारले.

"नाही. चष्मा आहे ना."

आमच्या बाबतीत तसा चष्मा नाही, दुसऱ्या लेन्सचे पैसे कधी जमतील कोण जाणे. तरी १७-७० घेतली. ज्यांच्या घरी लहान मुले मैदानावर खेळतात किंवा ज्यांना पक्ष्यांची, डोंगरांची आवड आहे, त्यांनी १८-१३५ च घ्यावी. उजेडात तिला तोड नाही. आमचे फोटो खोल्यांमधले असणार.

खाटेवरच्या फोटोची मोठी प्रिंट काढून चाचांना पाठवली आहे. शाळेलाही पत्र लिहिले. मे महिन्यात या, भटारखाना दाखवू, असे उत्तर आले आहे. अब्बांनी ते पत्र कपाटात, पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवले आहे.