रानाचे वय

मिझोराममध्ये ऐझॉलहून पश्चिमेकडे, मामितच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडते ती केवळ हिरवाई. उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगा एकीमागून एक उभ्या असतात आणि त्यांच्या अंगाखांद्यांवरून रान थेट नदीच्या पात्रापर्यंत उतरलेले असते. देशातील राज्यांत वनाच्छादनाच्या टक्केवारीने मिझोरामचा क्रमांक पहिला लागतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात हे प्रमाण सुमारे ८५ टक्के दिले आहे. हे ऐकून एखाद्या वाचकास वाटेल की, हे अरण्य अनादि काळापासून असेच उभे असावे. वस्तुस्थिती तशी नाही. या हिरवाईचा फार मोठा भाग एकदा नव्हे, अनेकदा तोडला गेला आहे, जाळला गेला आहे आणि आपल्या आपण पुन्हा उगवला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ अशा रानाला दुय्यम वन म्हणतात. नाव थोडे अन्यायाचे आहे. पण रूढ झाले आहे.

आपण समोरचा उतार जरा निरखून पाहावा. हिरव्या रंगात तुकडे दिसू लागतील. कोठे खुरटी, पिवळसर झुडपे. कोठे पिसांसारखा मऊ, फिकट हिरवा बांबू. आणि क्वचित एखाद्या घळीत काळपट, उंचसखल शेंड्यांची दाट झाडी. हे तुकडे म्हणजे रानाची निरनिराळी वये होत.

त्यांचे कारण येथील झूम शेती. मध्य प्रदेशातील बैगांची बेवर, आंध्र-ओडिशातील पोडू, कर्नाटकातील कुमरी ही तिचीच भावंडे, आणि कोकणातील डोंगरउतारावरची दळीही त्याच कुळातली. हिवाळ्याच्या अखेरीस उतारावरील रान तोडावयाचे, उन्हात वाळू द्यावयाचे, पावसापूर्वी पेटवावयाचे आणि राखेत भात, मका, मिरची, भाजीपाला एकत्र पेरावयाचा. एकदोन पिके घेतली की, जमीन रानाच्या स्वाधीन करून दुसरा उतार धरावयाचा. कोणत्या कुटुंबाने कोणता तुकडा कसावा, हे परंपरेने गावात चिठ्ठ्या टाकून ठरते.

शेतकरी निघून गेला की, रानाचे काम सुरू होते. किंबहुना ते तो असतानाच सुरू झालेले असते. झाडे तोडताना बुंधे जमिनीत राखलेले असतात आणि त्यांना पहिल्याच पावसात धुमारे फुटतात. मोकळ्या जागेत आधी मुसंडी मारते ते अमेरिकेतून आलेले झुडूप, ज्याला आपल्याकडे रानमोडी म्हणतात. नाव भीतिदायक असले तरी रानाला पुरेसा अवधी मिळाला, तर सावली पडताच ती मागे हटते. तिच्यातून डोके वर काढतात ती चांदाड्याच्या जातीची रुंद पानांची, झपाट्याने वाढणारी झाडे. त्यांचे बी बारीक असते आणि बुलबुलासारखे लहान पक्षी ते आणून टाकतात. मोठ्या फळांचे वृक्ष एवढ्या सहज येत नाहीत. त्यांचे बी वाहून नेण्यास धनेशासारखा मोठा पक्षी लागतो, आणि धनेश उंच झाडांच्या आश्रयाने राहतो. जवळपास जुन्या अरण्याचा एखादा तुकडा शिल्लक नसेल, तर हे पुनरुज्जीवन अर्ध्यावरच अडते.

परंतु मिझोरामच्या रानाचा खरा नायक बांबू आहे. येथे विपुल असलेल्या जातीला मिझो लोक मौतक म्हणतात. त्याचे कंद जमिनीखाली लांबवर पसरलेले असतात. वरचे सारे जळून गेले तरी ते जिवंत राहतात आणि थोड्याच वर्षांत संपूर्ण उतार व्यापतात. कित्येक झाडांना तो वर येऊ देत नाही, म्हणून त्याला दोष दिला जातो. पण मेघालयात पी. एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झूमच्या पडीत जमिनींचा जो अभ्यास केला, त्यातून तेथील बांबूची दुसरी बाजू दिसली. पावसाबरोबर उतारावरून वाहून गेले असते असे पोटॅश तो शोषून आपल्या अंगात साठवतो. पुढे रान जाळले की, राखेच्या रूपाने ते जमिनीला परत मिळते.

या मौतकाला सुमारे ४८ वर्षांनी एकदाच फुले येतात, आणि फळे धरून तो सर्वत्र एकदमच मरतो. फळ नासपतीएवढे, गरदार. ते खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळे संपली की भातावर तुटून पडतात. याला तेथे मौताम म्हणतात. १९११, १९५९ आणि २००७ च्या सुमारास तो आला. १९५९ च्या मौतामातून दुष्काळ उद्भवला. त्याच्या निवारणासाठी जी संघटना उभी राहिली, तिच्यातून १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट जन्मास आला. १९६६ चा उठाव, १९८६ चा शांतता करार आणि १९८७ मध्ये मिळालेला राज्याचा दर्जा, या साखळीचे एक टोक त्या फुलोऱ्यात आहे.

मग या रानाला विसावा तरी किती हवा? मिझोरामच्या दाम्पा अरण्यात टी. आर. शंकर रमण यांनी एक वर्षाच्या पडीपासून सुमारे शंभर वर्षांच्या पडीपर्यंत पक्षी व झाडे मोजली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, अरण्यातील पक्षी बऱ्याच अंशी परतण्यास निदान पंचवीस वर्षे लागतात आणि वृक्षांना पन्नास ते पंचाहत्तर. पूर्वी एका उतारावर परत येण्यास वीस-तीस वर्षे जात. ईशान्येच्या पुष्कळ भागांत तो काळ आता पाच वर्षांवर, कोठे त्याहूनही खाली आला आहे. अशा ठिकाणी चांदाडा वाढत नाही, बांबूही तग धरीत नाही. रानमोडी आणि धारदार पात्यांचे गवत तेवढे राहते, आणि ते पुन्हापुन्हा पेटते. भाताचे पीक घटते आणि तण काढण्याचे कष्ट वाढतात. ते बहुतांशी घरातील स्त्रियांच्या वाट्यास येतात.

झूमला पर्याय म्हणून शासनाने गेल्या काही दशकांत कायम लागवडीस उत्तेजन दिले, आणि त्यात तेलताडाचाही समावेश आहे. कुटुंबाला वर्षभर रोख उत्पन्न मिळावे हा हेतू रास्तच म्हटला पाहिजे. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मिझोराममधील झूमचा प्रदेश, सागाची लागवड आणि तेलताडाचे मळे यांतील पक्ष्यांची तुलना केली गेली, तेव्हा अरण्यातील पक्षी सर्वांत अधिक झूमच्या प्रदेशात आढळले आणि सर्वांत कमी तेलताडाच्या मळ्यांत. रस्त्याच्या कडेचे उतार मळ्यांसाठी सोयीचे असल्यामुळे झूम करणाऱ्यास उरतात ते मोजकेच उतार, आणि त्यांवर तो लवकर लवकर परततो. मौतकाचा हिशेब चुकला नाही, तर त्याचा पुढचा फुलोरा २०५५ च्या आसपास येईल. त्या वेळी चिठ्ठीत मिळालेला उतार किती वर्षे विसावलेला असेल, यावर पुष्कळ कुटुंबांचे त्या वर्षीचे धान्य अवलंबून राहील.