बिशपांना विचारून झाल्यावर

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना मी रविवारी शिकवते. पापनिवेदनाचा धडा आला की मुलं वहीत दहा आज्ञा उतरवतात आणि मोडलेल्यांवर खुणा करतात. सदसद्विवेकबुद्धीचं काम तिथे संपलं असं त्यांना वाटतं. मोठी मुलं दुसऱ्या टोकाला जातात: मला मनापासून पटलं ना, मग ते बरोबरच.

अशा वेळी मी फ्रान्झ येगरश्टेटरची गोष्ट सांगते. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, तिथल्या चर्चची देखभालही तोच करायचा. हिटलरच्या युद्धात शस्त्र उचलणं पाप आहे असं त्याला वाटू लागलं. पण नुसत्या वाटण्यावर तो विसंबला नाही. बायबल वाचलं, धर्मगुरूंना विचारलं, थेट लिंझच्या बिशपांना जाऊन भेटला. सल्ला मिळाला तो असा, की तुला बायको-मुली आहेत, सरकारच्या निर्णयाचा भार तुझ्यावर नाही. तो सल्ला त्याने ऐकून घेतला, पण त्याचं मन निवलं नाही. मार्च १९४३मध्ये त्याने लढायला नकार दिला. रुग्णसेवा करतो म्हणाला, तेही कुणी मानलं नाही. ९ ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला.

इथे वर्ग जागा होतो. ‘टीचर, बिशपांचं ऐकलं नाही, तरी चर्चने त्याला धन्य कसं ठरवलं?’ मी सांगते, त्याने आधी विचारलं होतं, हे विसरू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत त्याचा दाखला पुढे करणारे थॉमस रॉबर्ट्स हे आपल्या मुंबईचे माजी आर्चबिशप, हे कळल्यावर मुलांना तो परका वाटेनासा होतो.

एकदा एका मुलीने वेगळंच विचारलं. ‘आणि त्याची बायको?’

फ्रान्झिस्काने आधी त्याला खूप विनवलं होतं. सगळेच त्याच्याशी वाद घालायला लागले, तेव्हा मात्र ती त्याच्या बाजूने उभी राहिली. मागे तीन लहान मुली. गावाने तिलाच दोष दिला, विधवेचं निवृत्तिवेतनही कित्येक वर्षं मिळालं नाही. २००७मध्ये लिंझला त्याला धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा ती हजर होती. मला तिचा विवेक त्याच्याइतकाच कसाला लागलेला दिसतो.

मुलीचं समाधान झालं नाही. ‘पण त्या तीन मुलींचं काय? त्याने बरोबर केलं का?’

माझं मत मी सांगितलं: हो, बरोबर केलं. मग म्हटलं, फादरांना विचार, घरी आईशी बोल, प्रार्थना कर आणि पुढच्या रविवारी तुझं मत मला सांग.