कंपनीची सही, घराची जामीनकी

केळीच्या बागांवर आणि पानवेलींवर पोसलेल्या आमच्या वसईच्या कुटुंबांतून आज दुकान, बेकरी, दवाखाना काढण्याचे बेत ऐकू येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. गाळा दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावा आणि तो स्वतःच्या नावावर न घेता छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर घ्यावा, असा सल्ला या तरुणांना मिळतो. सल्ला वाईट नाही. परंतु कंपनी काढली की घरादाराला धक्का लागत नाही, अशा समजुतीने निर्धास्त झालेली मंडळी आम्हांस भेटतात, तेव्हा दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

या समजुतीला आधार आहे. लंडनमधील ॲरन सॉलोमन या जोड्यांच्या व्यापाऱ्याने १८९२ साली आपला धंदा कंपनीच्या स्वाधीन केला. २०,००७ शेअरांपैकी २०,००१ त्याचे; पत्नी व पाच मुले यांचा प्रत्येकी एक. धंदा बुडाला. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, कंपनी ही सॉलोमनहून निराळी व्यक्ती असून तिचे देणे त्याच्या माथी मारता येत नाही. आपला कंपनी कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. २०१३च्या कायद्याप्रमाणे प्रायव्हेट कंपनीला दोन भागधारक आणि दोन संचालक पुरतात. २०१५च्या दुरुस्तीने किमान भांडवलाची अटही गेली.

पण मालकही व्यवहार जाणतो. जिचे भांडवल दहा हजार, तिच्या शब्दावर दहा वर्षांच्या भाड्याचा भरवसा तो कसा ठेवील? म्हणून तो संचालकांची वैयक्तिक हमी मागतो. १८७२च्या करार कायद्याचे १२८वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे कंपनीने दिलेले संरक्षण त्याच बैठकीत दुसऱ्या सहीने परत केले जाते. शिवाय दुसरी संचालक बहुधा पत्नीच असते. धंद्यात तिचा हात नसला तरी हमीपत्रावर तिचे नाव असते.

मग करावे काय? हमी देणे भागच असेल, तर ती ठरावीक महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करून घ्यावी. मुदतीपूर्वी गाळा सोडता येईल काय, किती महिन्यांच्या नोटिशीने, आणि तो दुसऱ्यास देता येईल काय, हे स्पष्ट लिहून घ्यावे. कंपनीची नोंदणी आधी करावी, संचालक मंडळाचा ठराव करावा आणि मगच सही करावी. जन्माला न आलेल्या कंपनीच्या वतीने केलेला करार सही करणाऱ्याच्याच गळ्यात पडू शकतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये नोंदणीकृतच असावा लागतो. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने तर ही नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याच कायद्याचे संरक्षण एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपनीला मिळत नाही. लहान कंपनीला ती आडकाठी नाही, हेही ध्यानी ठेवावे.

वकिलाची फी वाचविण्याचा मोह होतो, पण तेथे काटकसर नको. आणि एक गोष्ट वकिलाच्याही आधी करावी. इंग्रजी मसुदा घरच्या माणसांना मराठीतून समजावून सांगावा. धंदा बसला तर कोणते देणे कंपनीचे आणि कोणते आपल्या राहत्या घरावर येणारे, हे पत्नीला, वडीलधाऱ्यांना, भावंडांना मोकळेपणाने सांगावे. सॉलोमनच्या मुलांना बापाने एकेक शेअर दिला होता. त्यांच्याकडून हमी घेतली नव्हती. आपल्या घरात मात्र ज्याला कागद समजला नाही, त्याच्यापुढे लेखणी ठेवू नये. आपल्या माणसांचा विश्वास हे कोणत्याही पागडीहून मोठे भांडवल आहे, आणि ते एकदा गेले की कोणतीही कंपनी भरून देत नाही.