पेरूच्या पानांचे दिवस

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या वसतिगृहांत दारू नव्हती, असं आमच्या पिढीतलं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो खुशाल थापा मारतोय. दारू होती, पैसे नव्हते. मनीऑर्डर यायची ती मेस, फी आणि सायकलचं पंक्चर यांतच संपायची. शेवटचा पेपर झाला की वर्गणी काढून सीताबर्डीहून एक क्वार्टर यायची. पिणारे सहा. वाट्याला येई घोट-दोन घोट.

खरा कार्यक्रम त्यानंतरचा, वास घालवण्याचा. आवारातल्या पेरूची पानं ओरबाडून चघळायची, वरून बडीशेप, आणि सायकली हातात धरून पायी परतायचं. धरमपेठेत खोली घेऊन राहणाऱ्याची अधिकच पंचाईत. घरमालकीणबाई दारातच उभ्या असायच्या. “काय रे, आज पुन्हा पेरूची पानं?” एवढंच विचारायच्या. पुढचा महिनाभर तो पोरगा त्यांच्यासमोर मान वर करत नसे.

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा मार्ग मोकळा झाला. पुढच्या काळात हिंगणा रोड, वर्धा रोडच्या बाजूला कॉलेजं उभी राहिली. गोंदिया, यवतमाळ, गडचिरोलीची पोरं आली, पण त्यांना पुरतील एवढी वसतिगृहं काही आली नाहीत. आता चौघांनी मिळून फ्लॅट घ्यायचा, किल्ली आपल्याच खिशात. पैसे मोबाइलवर येतात, बुडाखाली गाडी असते आणि दारात कुणी उभं नसतं.

क्वार्टर मात्र तेवढीच आहे, १८० मिली. फरक इतकाच, की आता ती एकट्याची असते. बारमध्ये महाग पडतं म्हणून रूमवरच ‘लावून’ निघायचं, तेही तासाभरात. देशात बनणाऱ्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे एका क्वार्टरमधून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या अतिमद्यपानाची रेघ ओढते ती नेमकी ६० ग्रॅमवर. यकृत तासाला साधारण एक छोटा पेग निस्तरतं. रात्री बाराला बाटली संपवलेला पोरगा सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला गाडी काढतो, तेव्हा पुरता उतरलेला असेलच असं नाही. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर डोळे सुजलेली अशी टोळकी दिसतात. रात्री कोण कुठे पडला, त्याचा व्हिडिओ फोनवर फिरत असतो आणि सगळे खिदळत असतात.

कायदा कागदावर कडक आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५, शिवाय परवाना. काउंटरवर तो किती जणांना विचारला जातो, ते गिऱ्हाइकालाच ठाऊक. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि बारावीच्या निकालाच्या पार्ट्या अचानक सगळ्या राज्याला दिसल्या. बाकी किंमत गुपचूप चुकवली जाते. रात्रभर ओकणाऱ्याला सांभाळणारा रूममेट स्वतःचा पेपर बुडवतो. ‘बॅचलर नको’ म्हणणाऱ्या सोसायट्यांमुळे न पिणाऱ्या पोरांनाही घर मिळत नाही. गडचिरोलीत लोकांनी, बायांनी लढून १९९३ साली दारूबंदी आणली, तिथली एखादी आई मुलाला इकडे शिकायला पाठवते आणि फोनवर फक्त “जेवलास का?” विचारते.

आमचा काळ चांगला होता, असं म्हणायला जीभ रेटत नाही. आम्हांला शहाणपणाने नाही, कडकीने वाचवलं. आम्ही चोरून प्यायचो, ही पोरंही चोरूनच पितात. माप सहापट झालं तरी लपवण्याची सवय तशीच आहे. घोटभर दारू लपवली तर फार तर ओरडा बसायचा. क्वार्टर लपवताना जीव जाऊ शकतो. बेशुद्ध मित्राला मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात न्यायचं सोडून पोरं त्याला उताणं झोपवतात, कारण नेलं तर कॉलेजला कळेल, घरी कळेल. उताण्या झोपेत उलटी श्वासनलिकेत जाते.

रॅगिंगविरोधी हमीपत्र आता प्रवेशाच्या वेळीच भरून घेतात. त्याच्याच जोडीला कॉलेजांनी आपलंही एक लेखी वचन द्यावं: मित्राला दवाखान्यात आणणाऱ्यावर कारवाई होणार नाही, आणि ज्याला आणलं त्याला शिक्षेआधी समुपदेशक भेटेल. दारूची दुकानं कॉलेजच्या हातात नाहीत. हे वचन आहे.