लोणार : एक सरोवर, अनेक पुस्तके

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मेहकर ओलांडल्यानंतर, काळ्या मातीचे सपाट शिवार दूरवर पसरलेले दिसते. तूर, कापूस आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर, पुढे काही असामान्य आहे याची चाहूलही लागत नाही. लोणार गाव येते आणि गावाच्या कडेला जमीन एकाएकी संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार विवर समोर उघडते. उतारावर साग, बाभूळ आणि सीताफळाची झाडी, तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर, त्याच्या काठाने प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष आणि कमळजादेवीचे देऊळ. काठावरच्या धारेवर मात्र गोमुखातून बारमाही गोड पाणी वाहते. एकाच विवरात गोडे आणि खारे पाणी इतक्या जवळ पाहून येणारा प्रत्येक जण क्षणभर थबकतो.

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणारी अनेक कुटुंबे थोडी वाकडी वाट करून लोणारलाही जातात. दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे, निजलेल्या मोठ्या मारुतीचे मंदिर आणि सरोवर पाहून संध्याकाळी परततात. या स्थळाची आणखी एक संपत्ती मात्र सहसा नजरेतून सुटते. ती म्हणजे लोणारविषयी शतकानुशतके लिहिले गेलेले आणि एकमेकांशी सहमत नसलेले लेखन.

एका विवराच्या अनेक कथा

पुराणकथेनुसार येथे लवणासुर राहत असे. भगवान विष्णूंनी दैत्यसूदनाच्या रूपात त्याचा वध केला आणि त्याच्या विवराचेच सरोवर झाले. मराठी गद्याच्या आरंभकाळातील ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात चक्रधर स्वामींच्या लोणार येथील लीळा आहेत. म्हणजे मराठी भाषा ग्रंथरूपाने गद्य बोलू लागली तेव्हाच हे गाव तिच्या पानांवर होते. सोळाव्या शतकातील ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख येतो. तेथे लेखकाचे लक्ष काच आणि साबण बनविण्यास उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांकडे आहे. भाविकाला जेथे तीर्थ दिसले, तेथे कारभाऱ्याला उत्पन्नाचे साधन दिसले.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ अनेक भूशास्त्रज्ञ त्यास ज्वालामुखीचे मुख मानत राहिले. दख्खनचे पठारच लाव्हारसाचे असल्यामुळे तो तर्क सहज पटणारा होता. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र पालटले. विवरातील खडकांत ‘मॅस्केलिनाइट’ हा काचेसारखा पदार्थ आढळला. तो प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होतो. लोणार हे आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेले विवर आहे, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. बेसॉल्टमधील अशी सुरक्षित राहिलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी असल्याने, चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारेही लोणारकडे वळले.

तरीही वाद संपले नाहीत. एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर पुढे आर्गॉन वायूवर आधारलेल्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. दोन्ही आकडे आजही पुस्तकांत आणि माहितीफलकांवर आढळतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून, खारट पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला.

दुसऱ्या पुस्तकाची गरज

विवराच्या काठावर वाढणाऱ्या मुलाला यांतील किती कथा वाचायला मिळतात, हा प्रश्न केवळ लोणारचा नाही. पाठ्यपुस्तकात एका स्थळाच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. परीक्षेसाठी एक आकडा पाठ होतो आणि कुतूहल तेथेच थांबते. परंतु त्याच मुलाच्या हाती दुसरे पुस्तक आले आणि त्यात निराळा आकडा दिसला, तर ते विचारू लागते : खरे कोणते? हे वय मोजले कसे? लोक आधी ज्वालामुखी का म्हणत होते? या प्रश्नांच्या उत्तरासाठी ते तिसरे पुस्तक उघडते. वाचनाची गोडी बहुतेक वेळा अशीच लागते. उपदेशाने ती क्वचितच लागते.

शाळेच्या ग्रंथालयाचे खरे काम हे आहे. पाठ्यपुस्तक सर्वांना एकच असते, ग्रंथालयात प्रत्येकाला आपले पुस्तक शोधता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, अशी तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. दुसऱ्या बाजूस, २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. ज्याला अक्षरांपाशीच अडखळावे लागते, त्याच्या हाती जाडजूड चरित्रग्रंथ देऊन उपयोग नाही. त्याला मोठ्या टाइपाची, चित्रांची आणि त्याच्या बोलण्याच्या जवळची पुस्तके हवीत, तीही पुष्कळ.

येथेच विविधतेचा अर्थ कळतो. लोणारच्या परिसरात घरोघरी वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यांवर गोरबोली, गावातील अनेक घरांत उर्दू. शाळेची भाषा प्रमाण मराठी. ज्या मुलाला आपल्या घरचा शब्द कधीही छापलेला दिसत नाही, त्याला पुस्तक हे दुसऱ्या कोणाचे तरी वाटते. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये हे सोप्या रूपकांतून मांडले. मुलांना काही पुस्तके आरशासारखी हवीत, ज्यांत स्वतःचे जगणे दिसते, आणि काही खिडकीसारखी, ज्यांतून परके जग दिसते. केवळ आरसे दिले तर दृष्टी आखूड राहते. केवळ खिडक्या दिल्या तर आपण या घराचे नाही, असे वाटत राहते.

लोणारच्या कपाटासाठी दोन्ही प्रकारची पुस्तके शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मोठ्या वर्गांतील मुलांना आपल्या मातीतला हा कवी ठाऊक असावा. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी वऱ्हाडी बोलीचे बळ दाखविते. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून विदर्भातील रान आणि पाखरे भेटतात. जयंत नारळीकर यांची ‘धूमकेतू’ ही विज्ञानकथा पृथ्वीच्या दिशेने येणाऱ्या धूमकेतूविषयी आहे. ती अशनीच्या विवराकाठी वाचताना तिला वेगळाच अर्थ येईल. लहानांसाठी बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिक, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, तसेच प्रथम बुक्सची अनेक भाषांतील चित्रपुस्तके उपलब्ध आहेत.

कपाट उघडण्याचा दिवस

पुस्तके असणे आणि ती वाचकाच्या हाती पडणे, यांत मोठे अंतर असते. याचे उत्तम उदाहरण याच प्रदेशात आहे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील शास्त्रभांडारांत प्राकृत आणि अपभ्रंश हस्तलिखिते पिढ्यानपिढ्या जिवापाड जपली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले गेले. पुढे कारंजा येथून पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी, तर ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित करून प्रकाशात आणले. जपणाऱ्यांचे उपकार मोठेच, परंतु दहाव्या शतकातील तो कवी वाचकांना भेटला तो वेष्टन सोडल्यानंतर. त्याच १९३१ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिलेच सूत्र, पुस्तके वापरण्यासाठी आहेत, असे आहे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, मंदिरांतील शास्त्रे बाहेर काढून, स्वच्छ करून त्यांना नवे वेष्टन घालण्याची प्रथा आहे. विदर्भातील शाळा त्यानंतर उघडतात. शाळेच्या कपाटासाठीही वर्षातून असा एक दिवस ठरविता येईल. सर्व पुस्तके बाहेर काढावीत, मुलांनीच ती पुसावीत, फाटलेली चिकटवावीत, आणि त्यानंतर ती कुलपाआड न ठेवता मुखपृष्ठे दिसतील अशी दोरीवर किंवा फळीवर मांडावीत. आठवड्याला एक ग्रंथालय तासिका असावी. पुस्तक घरी नेण्याची मुभा असावी. नोंदवही मुलांकडे सोपवावी. एखादे पुस्तक फाटले तर शिक्षा होईल या भीतीने शिक्षक कपाट बंद ठेवतात, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. म्हणून फाटणे हा वापराचाच भाग आहे, हे व्यवस्थापन समितीने आधीच मान्य केलेले बरे.

अनुदान अपुरे असेल तर शेजारच्या शाळांनी पेट्या फिरवाव्यात. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे उभारले, तेव्हा गावोगावी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या जात. चार शाळांनी प्रत्येकी पन्नास वेगळी पुस्तके घेतली आणि दर तिमाहीस पेट्या बदलल्या, तर वर्षभरात प्रत्येक मुलासमोर दोनशे पुस्तके येतात.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदान गणले जाते. यात्रेच्या वाटेवर लोणारला थांबणाऱ्या कुटुंबांना या दानाची सहज संधी आहे. मात्र घरातील जुनी, कोणासही नको असलेली पुस्तके गोळा करून नेणे म्हणजे दान नव्हे. प्रवासास निघण्यापूर्वी एखाद्या शाळेशी संपर्क साधून दोन गोष्टी विचाराव्यात : मुले घरी कोणकोणत्या भाषा बोलतात, आणि सध्या कपाटातील कोणते पुस्तक सर्वांत जास्त हाताळले गेले आहे? पहिल्या उत्तरावरून कोणत्या भाषांतील पुस्तके घ्यावीत ते कळेल, दुसऱ्यावरून मुलांची आवड. आणि सरोवराविषयीची दोन तरी पुस्तके त्यांत असावीत, शक्यतो एकमेकांशी न जुळणारी.