तांदळावरचं नाव

आरमोरीहून नागपूरकडे निघालेली एसटी गाव मागे पडतं न पडतं तोच वैनगंगेच्या पुलावर येते. उन्हाळ्यात खाली पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा संपतो आणि ब्रह्मपुरीचा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचा, मुलूख लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. त्याआधी आरमोरीत जन्मलेल्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जि. चांदा’ किंवा ‘जि. चंद्रपूर’ लिहिलेलं असतं, पासपोर्टवर मात्र गडचिरोली. दोन्ही खरं. पण सात समुद्रांपलीकडच्या माणसासमोर हे दोन कागद शेजारी ठेवले, तर त्याला एकाच व्यक्तीची दोन जन्मस्थळं दिसतात. नवरा किंवा बायको अमेरिकेत आहे आणि तिथे कायमचं राहायला जायचं आहे, अशा माणसाला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जी मुलाखत द्यावी लागते, तिच्या तयारीचा रस्ता मी इथून धरतो, कारण माझ्या मते ती मुलाखत या पुलाच्या अलीकडेच निम्मी होऊन जाते.

लोक तयारी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उत्तरं असतात. काय विचारतील, काय सांगायचं, इंग्रजी जमेल का. माझं म्हणणं उलट आहे: उत्तरांवर कमी आणि कागदांवर जास्त घाम गाळावा. याला कारण कायद्याच्या रचनेतच आहे. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात कागद कमी पडला तर कलम २२१(जी) खाली अर्ज तूर्त नाकारला जातो. हातात एक चिठ्ठी येते आणि मागितलेला कागद द्यायला वर्षभराची मुदत असते. म्हणजे हा दोष सुधारता येतो. महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं तर मात्र प्रवेशबंदी आयुष्यभराची असते, आणि त्यातून सूट मिळवणं म्हणजे वेगळीच लढाई. लग्नच बनावट ठरलं, तर पुढे खऱ्या लग्नाच्या आधारे केलेला अर्जसुद्धा मंजूर होत नाही. एका बाजूला भरून निघणारी उणीव, दुसऱ्या बाजूला न पुसला जाणारा डाग. असा सौदा समोर असताना माणसं उत्तरं घोकत बसतात आणि दाखल्यावरची चूक तशीच ठेवून मुंबईला जातात, याचं मला नवल वाटतं. चुकलेला कागद दुरुस्त करायला हजारेक किलोमीटर परत यावं लागतं ते आरमोरीलाच.

कागद चुकतात ते कोणाच्या लबाडीमुळे नाही, आपल्या रीतींमुळे. लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिण्याची रीत घ्या. धानाच्या या मुलखात तांदूळ घरचाच असतो. नवरा बोटाने दाबून तीन-चार अक्षरं काढतो, बायका वाकून वाचतात, कोणीतरी फोटो घेतं, आणि ताट उचलताना अक्षरं विसकटतात. ते नाव पुढे आयुष्यभर सासरी वापरलं जातं, पण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव, लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ आणि जन्माच्या नोंदवहीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा. जन्म नोंदवला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. पण कोऱ्या रकान्याचा दाखला हा कोणाचाच दाखला नसतो, आणि अर्जदार बहुधा बायकोच असल्यामुळे हा सगळा भार तिच्यावर येतो. नवऱ्याचं नाव जन्मापासून एकच असतं, त्याला यातलं फारसं काही करावं लागत नाही. हे अन्यायाचं आहे, पण तयारी करणाऱ्याने आधी याच गाठी सोडवाव्यात: जन्मदाखल्यात नाव घालून घेणं, नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद, आणि बदललं नसेल तर तांदळावरचं नाव कागदावर कुठेच न आणणं.

लग्नाच्या नोंदणीचंही तसंच. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंद करायची असते. ज्ञापनावर नवरा-नवरीबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्वनी कुमार खटल्यात सर्व धर्मीयांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं सांगितलं, तरी नगर परिषदेत किंवा ग्रामसेवकाकडे नोंदीला जाणं लोकांना अजूनही वरचं काम वाटतं. गंमत अशी की गाव नोंद ठेवतच नाही असं नाही. आहेराची वही काढून बघा. दोनशे पानी, रेघांची, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं आणि ‘श्री’. पुढे ओळीने नावं: कोणाचे मामा, कुठल्या गावचे, लुगडं की रोख, किती. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. चुकून दोनदा लिहिलेलं नाव खोडून शेजारी खुलासा. लग्न खरं झालं, दोन्हीकडचे लोक जमले, याचा इतका बारीक पुरावा कुठल्याही सरकारी दप्तरात नसेल. वकिलातीची कागदांची यादी ही वही मागत नाही. तिला नमुन्यातलं प्रमाणपत्र हवं असतं. पण मी असतो तर साक्षगंधाच्या आणि स्टेजवरच्या फोटोंतले चेहरे त्या वहीतल्या नावांशी ताडून प्रत्येक फोटोमागे नातं लिहून ठेवलं असतं. नदीकाठी धूर सोडून काढलेल्या प्री-वेडिंग फोटोंपेक्षा चेहरा वाकडा आलेल्या मावशीचा फोटो मला जास्त बोलका वाटतो.

नागभीड येतं. इथून नागपूरला जाणारी छोटी रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. मग भिवापूर, तिथली मिरची, मग उमरेडच्या कोळशाच्या खाणी, आणि नागपूर. विदर्भाचं पासपोर्ट कार्यालय इथे आहे. व्हिसाच्या कामाला पोलिसांचा जो ना-हरकत दाखला लागतो तो पासपोर्ट खात्याचा असतो. चौकशी ठाण्याकडून होत असली तरी ठाण्याने परस्पर दिलेला कागद चालत नाही. याच नागपुरात ‘इंटरव्ह्यूची तयारी’ करून देणारेही भेटतात. माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप त्यांच्याकडून येतो: साधी माणसं खिडकीपुढे गांगरतात, खरं असून बोलता येत नाही, म्हणून सराव हवा. गांगरण्याची गोष्ट खरी आहे. तारखा आठवून बघाव्यात, नवऱ्याच्या नोकरीचं नीट नाव माहीत असावं, अर्जात काय भरलं आहे ते स्वतः वाचलेलं असावं, हे मला मान्य आहे. पण हा सराव आठवणीचा झाला. एजंटाचा सराव गोष्टीचा असतो. एकाच साच्यातली गोष्ट दहा जणांनी सांगितली की ती अकराव्याला महाग पडते, आणि पडली तर मघाच्या त्या न पुसल्या जाणाऱ्या डागाच्या रकान्यात पडते.

साच्यातली गोष्ट रचण्याचा मोह होतो तो एका प्रश्नामुळे: तुम्ही दोघं कसे भेटलात? या प्रश्नात असं गृहीत आहे की दोन माणसं आधी कुठेतरी एकमेकांना भेटतात. आरमोरीत खरा प्रश्न असतो, स्थळ कुणी आणलं? वडशाच्या आत्याने मुलाच्या मामाकडे शब्द टाकला, पत्रिका गेली, मुलगा सुट्टीत आला, तीन आठवड्यांत साक्षगंध आणि लग्न उरकून परत गेला, अशी ती हकिकत असते. ती सांगितली तर संशय येईल, म्हणून कॉलेजातल्या मैत्रीची जोड द्यावी, असा सल्ला मिळतो. हा सल्ला कायदा न वाचता दिलेला आहे. लग्न खरं की खोटं ठरवण्याची अमेरिकेतली कसोटी १९७५ च्या ‘बार्क विरुद्ध आयएनएस’ या निकालाने नीट मांडली: लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का? कसे भेटले, किती दिवस बोलले, प्रेम होतं का, हे त्या हेतूचे पुरावे होऊ शकतात, पण ती कसोटी नव्हे. आणि हेतूच दाखवायचा असेल तर स्थळाची हकिकत दुबळी नाही. चार घरांनी मध्यस्थी केलेल्या लग्नात फसवणूक करायची तर चार घरांना फसवावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, ही भाबडी समजूत आहे, परदेशी अधिकारी आपल्या रीतीकडे संशयानेच बघतो. हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही, कारण ब्रिटनने नेमकं तेच केलं होतं. तिथे १९८० च्या दशकापासून १९९७ पर्यंत ‘मुख्य हेतू’चा नियम होता: लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. त्याचा फटका भारतीय उपखंडातल्या नवऱ्यांना बसला. अधिकारी म्हणत, तुमच्यात तर मुलगी सासरी जाते, मग नवरा बायकोच्या देशात का निघाला? आपलीच रीत आपल्यावर उलटवली गेली. त्यांना ना आपला घरजावई माहीत होता, ना गोंडांमधला लमसेना, जो लग्नासाठी मुलीच्या घरी राहून राबतो. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी झाली होती. तेव्हा संशय असतो हे खरंच. पण त्यावर खोटी प्रेमकथा हा उतारा ठरत नाही. ब्रिटनमधला नियम गेला तो रीत लपवल्यामुळे गेला नाही. लोकांनी ती उघडपणे मांडून वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि सरकार बदलल्यावर तो रद्द झाला.

उरतो तो नशिबाचा आक्षेप. अधिकाऱ्याचा मूड चांगला तर काम झालं, नाहीतर गेलं. यातला अर्धा भाग मी मान्य करतो. वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाण्याचा रस्ता जवळजवळ नाही. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुनोज खटल्यात सांगितलं की जोडीदाराला देशात आणणं हा अमेरिकन नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की जे काही सिद्ध करायचं ते खिडकीपर्यंतच करायला हवं. खिडकीवरचा अधिकारी कोऱ्या पाटीने बसलेला नसतो. तिकडे जोडीदाराने भरलेला आय-१३० अर्ज, मग व्हिसा केंद्राकडे गेलेले दाखले, उत्पन्नाची हमी, डीएस-२६० फॉर्म हे सगळं त्याच्यापुढे आधीच असतं. मुलाखत काही मिनिटांची, फाईल कित्येक महिन्यांची. मूडला वाव असतो तो फाईल अर्धवट असते तेव्हा.

वैद्यकीय तपासणीबद्दल इकडच्या लोकांना वेगळीच धास्ती असते. सिकलसेल आहे म्हटल्यावर नाकारतील का? सिकलसेल संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे ज्या रोगांवरून प्रवेश अडतो त्यांच्या यादीत तो नाही. यादीत आहे तो सक्रिय क्षयरोग, आणि संसर्ग पसरू शकेल असा कुष्ठरोग. कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन ज्या जिल्ह्यात उभं राहिलं, तिथल्या लोकांना हे वाचून मान खाली घालावीशी वाटेल. तशी गरज नाही. उपचार झाले असतील तर त्याचे कागद जपून न्यावेत आणि नेमून दिलेल्या डॉक्टरपुढे ठेवावेत, बस्स.

नागपूरहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस. हल्ली समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर गाडीनेही जातात, पण मला रेल्वे बरी वाटते. रात्री बर्थवर फाईल उघडून कागद पुन्हा लावता येतात. सकाळी मुंबई, आणि मग वांद्रे-कुर्ला संकुल. वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला होती, २०११ मध्ये इथे आली. दारात पोचल्यावर मोठा धडा मिळतो: मोबाईल आत नेता येत नाही. दोन वर्षांचे व्हिडिओ कॉल, रोजचे ‘जेवलीस का’, पाठवलेल्या पैशांचे मेसेज, सगळा संसार त्या मोबाईलमध्ये असतो, आणि तो बाहेरच राहतो. आत जातं ते फक्त छापलेलं. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. मग खिडकीवरून भाषा विचारली की मराठी म्हणायला संकोच करू नये. आत्या, मामा, साक्षगंध हे शब्द जसे आहेत तसे दुभाष्याकडे सोपवावेत. तो त्याचं इंग्रजी कसंही करो, काचेपलीकडे ठेवलेल्या दाखल्यावर जे नाव आहे तेच काचेअलीकडच्या बाईने स्वतःचं म्हणून सांगितलं पाहिजे, सासरी तिला कोणत्याही नावाने हाक मारत असोत.