काच काळी की नुसती तार तुटली?

फोनवर अण्णांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मला वाटलं होतं, मशीन कुठल्या कंपनीचं, किती वॅटचं असं काहीतरी विचारतील. मी म्हटलं, "अण्णा, फ्यूज उडालाय, एवढंच कळतंय."

"उडालेला फ्यूज कुठंय?"

"फेकला."

"म्हणजे पंचनाम्याआधीच प्रेत जाळून मोकळा झालास."

मशीन आमच्या तात्यांचं, म्हणजे चुलत्यांचं. लाऊडस्पीकरवाले अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. राजुरी, आळे, बेल्हे या पट्ट्यात लग्नं, सप्ताह, यात्रा असल्या की तात्या दोन कर्णे, बॅटरी आणि हे धूड घेऊन बाहेर पडायचे. चैत्र लागला की पंधरा-पंधरा दिवस घरी नसत. पुढं ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आली आणि हे माळ्यावर गेलं. तात्या गेल्यावर मागच्या उन्हाळ्यात मी ते खाली उतरवलं. आत दोन ट्रान्सफॉर्मर असल्यामुळं एकट्यानं उचललं की चार दिवस कंबर आठवण देते. वर दोन मोठे व्हॉल्व्ह, ईएल 34. शेजारी छोटे, त्यांतल्या एकाच्या काचेवर बीईएल हा बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का अजून वाचता येतो.

विजेची मला भीती नव्हती, तिथंच चुकलं. डाळिंबाला पाणी द्यायचं म्हणजे मोटार, स्टार्टर, केबल यांच्याशी रोजची गाठ. डीपीवरचा फ्यूज गेला की त्याचं चिनी मातीचं किटकॅट ओढायचं, तार टाकायची. पुन्हा गेला तर जरा जाड तार टाकायची. आमच्याकडं फ्यूजचं शिक्षण इथंच संपतं.

मशीनच्या मागच्या अंगाला फ्यूजची टोपी होती, बाजूला पुसट अक्षरांत 1 अँप. टोपी फिरवली तर आतून काचेची नळी आली, तिच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी घट्ट गुंडाळलेली. तात्या सिगारेट ओढत नसत, म्हणजे कुणाकडून तरी मागून घेतली असणार. मी स्वतःला शहाणा समजून ती काढून टाकली, आळेफाट्यावरून नवा फ्यूज आणून बसवला, बटण दाबलं. फट्! फ्यूज खराब निघाला म्हणून दुसरा घातला. फट्! मग डीपीचं शिक्षण कामाला आलं आणि मी 5 अँपचा घातला. या वेळी ट्रान्सफॉर्मर घुमला, मेणासारखा वास सुटला, आणि बायकोनं भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन वाचलं ते तिच्यामुळं.

त्यानंतर हा फोन. अण्णा नारायणगावचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, आता डोळ्यांनी थकलेले. "मी येतो, पण हात तुझे चालतील," म्हणाले. सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला निघाले होते, वाटेत उतरले. येताना पिशवीत दोन होल्डर, एक सॉकेट आणि 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. सिरीज बोर्ड. मशीनला जाणारी वीज आधी या बल्बमधून जाणार. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटणार, नसेल तर क्षणभर चमकून मंद होणार. काही बिघडलं तर बल्ब तेवढा पेटतो, फ्यूज जात नाही आणि ट्रान्सफॉर्मरही जळत नाही. थोडक्या पैशांत होणारी ही वस्तू मला वेळेवर माहीत असती तर दोन फ्यूज आणि एक भांडण वाचलं असतं.

"सगळे व्हॉल्व्ह काढ. कुठला कुठं होता ते लिहून ठेव."

काढले. बटण दाबलं. बल्ब लख्ख! मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर गेला. अण्णा म्हणाले, "घाई करू नको. उलटं कर." मशीन पालथं घातलं. मी पेचकस घेऊन आत हात घालणार, तर त्यांनी मनगट धरलं. या मशीनच्या पोटात 400 व्होल्टच्या वर डीसी असतं आणि वायर काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतं. ते रेझिस्टर लावून आधी उतरवायचं, मीटरवर शून्य बघायचं, आणि चालू मशीनमध्ये मोजताना एक हात खिशात. मोटारीच्या कामात मी हे कधीच केलेलं नाही.

एकेकाळी इथं डीसी करणारा व्हॉल्व्ह होता. तो गेल्यावर कुणीतरी त्याच्या जागी दोन डायोड लावले होते, बीवाय 127. एका डायोडचं एक टोक सोडवलं आणि मीटर लावला. एकीकडून वाजला, प्रोब उलटे करून लावले तरी वाजला. डायोडनं एकाच बाजूनं जाऊ द्यायचं असतं, हा दोन्हीकडून सताड उघडा. टोक सोडवलेलंच ठेवून बटण दाबलं. बल्ब चमकला, मंद झाला. ट्रान्सफॉर्मर शाबूत.

दोन्ही डायोड बदलले, 450 व्होल्टचे मोठे कंडेन्सरही नवे घातले. अण्णांनी 1 अँपचा फ्यूजही टी अक्षर असलेला, म्हणजे दमानं उडणारा आणायला लावला. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जास्त ओढतो, तेवढ्यानं फ्यूज जाऊ नये म्हणून. व्हॉल्व्ह बसवले, स्पीकर जोडला, कारण त्याच्याशिवाय असलं मशीन चालवायचं नसतं. बल्ब काढून थेट वीज दिली. व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड आला, स्पीकरमधून 'हंऽऽ' आलं. मी अण्णांच्या पाया पडायला वाकलो आणि मशीनचा दिवा गेला.

आता मात्र फ्यूज जपून काढला. काच स्वच्छ, फक्त मधोमध तार वितळून तुटलेली. आधीच्या एका फ्यूजचं प्रेत कचऱ्यात सापडलं होतं, त्याची काच आतून काळी-चंदेरी, तारेचा मागमूस नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तो फोनवरचा प्रश्न कळला. काळी काच म्हणजे धडाका, सरळ शॉर्ट. स्वच्छ काच म्हणजे हळूहळू वाढलेलं ओझं. आणि पहिला उडाला होता बटणाबरोबर, हा जवळजवळ मिनिटानं. म्हणजे व्हॉल्व्ह तापल्यावर.

नवा फ्यूज घालून, खोलीतला दिवा मालवून पुन्हा चालू केलं, नजर मोठ्या व्हॉल्व्हवर. चाळीस मोजेपर्यंत काही नाही. मग उजव्या व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा कडेनं गुलाबी, मग चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल होत गेला. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. अण्णा ओरडले, "बंद कर!"

मी लगेच नव्या व्हॉल्व्हची किंमत विचारायला लागलो. रशिया, चीन, स्लोव्हाकियात ते अजून होतात. अण्णा म्हणाले, "डावा उजवीकडं घाल, उजवा डावीकडं." घातले. पुन्हा उजवाच लाल झाला. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, जागा बाधित. व्हॉल्व्ह काढून दोन्ही सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनवर मीटर लावला. डावीकडं उणे 36, उजवीकडं उणे 9. हे उणे व्होल्टेज म्हणजे व्हॉल्व्हचा लगाम. उजवीकडं तो सैल पडला होता, म्हणून व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढत होता. मागच्या व्हॉल्व्हकडून आवाज आणणारा कंडेन्सर गळका झाला होता. त्यानं आवाज तेवढा पुढं सोडायचा आणि डीसी अडवायचं. तो दोन्ही सोडत होता. 0.1 मायक्रोफॅरड, करंगळीच्या पेराएवढा, वरचं मेण तडकलेलं. जोडीतला दुसराही बदलला. आता दोन्हीकडं उणे 36.

तात्यांच्या चांदीचा अर्थ मला तेव्हा लागला. कुठल्या तरी यात्रेत फ्यूज टिकेना, मंडळी खोळंबली असणार. तात्यांनी चांदी गुंडाळून ती रात्र निभावली, आणि नंतर तीच राहिली. डायोड बहुतेक त्याच पायी गेला. जवळच खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातली कुजबुज टिपतात, दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही पोरांना घेऊन बघायला जातो, आणि आमच्या घरात पुढच्या पिढीपर्यंत फ्यूज पोचला तो सिगारेटच्या कागदात!

आता मशीन चालतं, फ्यूज टिकलाय, काच स्वच्छ आहे. फक्त आवाज कमी केला की मागं बारीक 'घुंऽऽ' ऐकू येतं. अण्णांना फोन केला. म्हणाले, "कांदा निघू दे तुझा, मग बघू."